कॅप्टनचा दुसरा डाव: पहिला धंदा जोरात असतानाच पुढची तयारी

"सर, हा धंदा उद्या बंद पडला तर मी करू काय?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. बहुतेकांना तो धंदा बसायला लागल्यावरच पडतो. आज एका अशा खेळाडूची गोष्ट सांगतो, जिने उत्तर आधीच तयार ठेवलं होतं.

कॅनडाची हेली विकेनहायझर. खेळ आइस हॉकी, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून खेळायची हॉकी. जन्म 1978 चा. पंधराव्या वर्षी देशाच्या संघात आली. 2002, 2006, 2010 आणि 2014 अशी सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये, घरच्या मैदानावर, ती कॅप्टन होती. देशासाठी 276 सामने, 168 गोल!

एवढं यश मिळाल्यावर कुणीही म्हणेल, आता कशाला शिकायचं? पण महिला हॉकीत पुरुषांसारखा पैसा नव्हता आणि गुडघे काही आयुष्यभर साथ देत नाहीत. डॉक्टर व्हायचं हे तिच्या मनात लहानपणापासून होतं. म्हणून खेळत असतानाच तिने कॅल्गरी विद्यापीठात शिक्षण चालू ठेवलं. जानेवारी 2017 मध्ये निवृत्ती. मग तिथेच मेडिकलला प्रवेश, आणि 2021 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टर.

मधल्या काळात हॉकीही सुटली नाही. 2018 मध्ये टोरोंटो मेपल लीफ्स या पुरुषांच्या संघाने तिला खेळाडू घडवण्याच्या कामावर घेतलं. 2022 मध्ये ती तिथे असिस्टंट जनरल मॅनेजर झाली.

आता यातून आपण काय घ्यायचं?

एक: कमाई चालू असताना शिका. गिऱ्हाईक तुटल्यावर शिकायला ना पैसा उरतो, ना डोकं शांत राहतं.

दोन: जुनी कमाई सोबत न्या. समजा, तुमचं शिलाईचं दुकान आहे. रेडिमेडमुळे गिऱ्हाईक कमी झालं, तरी मापाची नजर तुमचीच आहे. शाळेचे गणवेश, ऑल्टरेशन, शिकवणी, सगळीकडे ती चालते.

तीन: खुर्चीला चिकटू नका. 2014 ला सोचीमध्ये कॅप्टन कॅरोलिन ऊलेट होती. हेली त्याच संघात खेळली आणि सुवर्ण घेऊन आली. तुम्ही गल्ल्यावरून उठून मुलाला किंवा कामगाराला बसवून बघितलंय कधी?

तयारी केली की भीती संपते असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं कॅप्टन म्हणून वावरल्यावर वर्गात तरुण मुलांशेजारी बसणं सोपं नसतं. दुकानाची पाटी उतरली की "आता मी कोण?" हा प्रश्न पडतोच. पण हातात दुसरं काम असलं, तर उत्तर लवकर सापडतं.

आजचा गृहपाठ: वही घ्या. तुमच्या धंद्यातली अशी एक गोष्ट लिहा जी दुकान बंद झालं तरी तुमच्याकडेच राहील. मग त्यासाठी आठवड्यातले दोन तास ठरवा. वार आणि वेळ लिहूनच वही मिटा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!