पेढीवरचा संगणक आणि नित्य नवें अपडेट

सुरत-जळगांव लोहमार्गावरील दोंडाईचा हें गांव मिरचीच्या बाजारासाठीं नांवाजलेलें आहे. तेथील अडतीच्या पेढ्यांवर पूर्वीं रोजमेळ आणि खतावणी लाल बांधणीच्या चोपड्यांत लिहिली जाई. चोपडी वर्षांतून एकदांच बदले, आणि तीहि लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहून! आज तिच्या जागीं संगणक बसला आहे. त्याच्या बदलांस मुहूर्त नाहीं. दारांत भरलेली गाडी उभी असते, बिलाखेरीज ती हलावयाची नाहीं, आणि नेमकी त्याच वेळीं पडद्यावर सूचना उमटते: नवी आवृत्ती आली आहे, घ्यावयाची काय? ज्या मुनीमानें तीस वर्षें हिशेबांत एका पैचा फरक राहूं दिला नाहीं, तो येथें गोंधळतो.

गोंधळाचें कारण असें, कीं 'अपडेट' या एकाच नांवाखालीं अगदीं भिन्न गोष्टी येतात. कांहीं बदल कायद्यामुळें येतात. १ जुलै २०१७ रोजीं जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यांत जाणाऱ्या मालास ई-वे बिल आलें, आणि २५ मेपासून तें महाराष्ट्रांतल्या महाराष्ट्रांतहि लागलें. ई-इनव्हॉइसची सक्ती २०२० च्या ऑक्टोबरांत ५०० कोटींवरील उलाढालीपुरती होती. ती उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्यें ५ कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं कराचे टप्पेच बदलले. वाळलेल्या मिरचीचा ५ टक्के दर तेव्हां हलला नाहीं, पण अडत्या मिरचीशिवाय दुसरें कांहीं विकत नाहीं असें थोडेंच आहे! हे बदल नाकारणें म्हणजे चुकीचें बिल फाडणें होय. त्यांची तारीख बहुधा आधीं जाहीर होते. तेव्हां आदल्या सुटीच्या दिवशीं ते घेऊन दोनचार बिलें काढून पाहावीं.

दुसरे बदल सुरक्षिततेचे. मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्यें विंडोजची एक दुरुस्ती दिली होती. ज्यांनीं ती घेण्याचा आळस केला, त्यांपैकीं असंख्यांच्या संगणकांस १२ मे रोजीं 'वॉनाक्राय'नें कुलूप घातलें आणि किल्लीसाठीं खंडणी मागितली. परंतु याची दुसरी बाजूहि आहे. त्याच वर्षीं २७ जून रोजीं पसरलेला 'नॉटपेट्या' युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटांतूनच शिरला, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरांतील एका टर्मिनलचें काम त्यानें ठप्प केलें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटानें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. भारतांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास मिळाले. म्हणून दुरुस्ती घ्यावी, पण आधीं बॅकअप घ्यावा. तो दुसऱ्या संगणकावर उघडतो कीं नाहीं तें पाहावें, आणि ती डिस्क लगेच सोडवून कपाटांत ठेवावी. संगणकाला जोडलेली डिस्क त्याच्याबरोबरच बुडते.

राहिला रूप पालटणारा बदल. नोव्हेंबर २०२० मध्यें टॅलीची 'टॅलीप्राइम' झाली आणि पडद्याची मांडणी बदलली. जुन्या मुनीमाची विद्या पुष्कळशी बोटांत असते. कळ कोठें आहे हें त्याला आठवावें लागत नाहीं. ती कळ हलली, कीं कालच्या पोराला विचारण्याची वेळ येते, आणि हें दुःख पगार कापल्याहून मोठें असतें. मालकाला तें सहसा दिसत नाहीं. हा बदल हंगामांत घेण्याची घाई नसावी. बाजार मंद असतां दोन दुपारा मोकळ्या द्याव्या, बदललेल्या कळा मुनीमानें स्वतःच्या हस्ताक्षरांत वहींत उतरवाव्या, आणि शिकवणाऱ्यानें माऊस त्याच्या हातून काढून घेऊं नये.

दारांतील गाडीचें काय? सूचनेला 'नंतर' म्हणावें. आणि प्रणाली अडलीच, तर ज्या पेढीस ई-इनव्हॉइसची सक्ती नाहीं तिनें छापील पुस्तकांतून हातानें बिल करावें. ई-वे बिल सरकारी संकेतस्थळावरून थेट निघतें. गाडी गेल्यावर, रात्रीं, तें बिल संगणकांत चढवितां येतें.