तोट्यातला कन्सोल कंपनीला परवडतो का?

नवा गेमिंग कन्सोल बाजारात आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘कंपनी तो तोट्यातच विकते, खरी कमाई गेममध्ये.’ हे वाक्य निम्मंच खरं आहे.

एक तर सगळेच कन्सोल तोट्यात विकले जात नाहीत. निन्टेन्डोने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘वी’ हा कन्सोल आणला तो २५० डॉलरला, आणि पहिल्या दिवसापासून नफ्यात. आतली चिप त्यांच्याच जुन्या गेमक्यूब कन्सोलच्या घराण्यातली होती, त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. दहा कोटींहून अधिक वी खपले.

त्याच महिन्यात सोनीचा प्लेस्टेशन ३ आला. नवाकोरा सेल प्रोसेसर, तेव्हा अतिशय महाग असलेला ब्लू-रे ड्राइव्ह, शिवाय जुने गेम चालावेत म्हणून प्लेस्टेशन २ च्या चिपाही त्यातच बसवलेल्या. आयसप्लाय या विश्लेषण संस्थेने यंत्र उघडून एकेका भागाचा हिशेब मांडला. ६० जीबीच्या मॉडेलचा उत्पादनखर्च सुमारे ८४० डॉलर निघाला. विक्रीची किंमत होती ५९९. म्हणजे नगामागे २४० डॉलरचा खड्डा, तोही जाहिरात आणि वाहतूक न धरता. मार्च २००७ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला. एवढा तोटा कोणी हौसेने ओढवून घेत नाही.

हा खड्डा कायमचा असतो, असंही अनेकांना वाटतं. तसं नसतं. सोनीने पुढच्या मॉडेलांतून प्लेस्टेशन २ च्या चिपा काढल्या, यूएसबीची चार भोकं होती त्यांची दोन केली, सेल चिप ९० नॅनोमीटरवरून ६५ आणि मग ४५ वर आणली. चिप लहान झाली की सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त नग निघतात. असं करत करत २०१० पर्यंत यंत्रामागचा तोटा थांबला. प्लेस्टेशन ५ला एवढा वेळ लागला नाही : नोव्हेंबर २०२० मध्ये आलेलं ४९९ डॉलरचं मॉडेल ऑगस्ट २०२१ पर्यंत तोट्यातून बाहेर आल्याचं सोनीने जाहीर केलं. उलट मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयात साक्ष दिली, की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

मग भरपाई कुठून होते? दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या प्रत्येक गेममागे कन्सोलवाल्याला हिस्सा मिळतो. ऑनलाइन दुकानात तो साधारण ३० टक्के असतो. वर महिन्याची वर्गणी. पण यंत्र घेणाऱ्याने गेमच घेतले नाहीत तर? अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये सुमारे १,७०० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभा केला. प्रयोगशाळेला तो स्वस्तात पडला, सोनीला मात्र त्या यंत्रांमागे एकाही गेमचा हिस्सा मिळणार नव्हता.

म्हणूनच ‘तोटा ही पक्की युक्ती आहे’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. सेगाने १९९९ मध्ये ड्रीमकास्ट अमेरिकेत १९९ डॉलरला आणला. यंत्र सुंदर होतं, पण प्लेस्टेशन २ समोर पुरेशी यंत्रं खपली नाहीत, आणि यंत्रंच कमी म्हटल्यावर गेम किती खपणार? अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची जवळपास ७० कोटी डॉलरची मालमत्ता कंपनीला देऊन टाकली, तरी मार्च २००१ मध्ये ड्रीमकास्टचं उत्पादन थांबलं. त्यानंतर सेगाने नवा कन्सोल काढला नाही.

गेमवरच्या या हिश्श्याचा संबंध ग्राहकाच्या खिशाशीही येतो. भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला : डिस्कवाला ४९,९९० रुपयांना; बिनडिस्कच्या मॉडेलची किंमत तेव्हा ३९,९९० होती. आतलं यंत्र तेच, फक्त ड्राइव्ह नाही. जुनी डिस्क विकत घेतली की कंपनीच्या हाती काही लागत नाही. त्या वेळच्या बिनडिस्कच्या यंत्रावर मात्र प्रत्येक गेम कंपनीच्याच दुकानातून घ्यावा लागतो. तेव्हा बिनडिस्कचं यंत्र घेऊन पैसे वाचवण्याआधी चार-पाच वर्षांत किती गेम घ्याल, आणि त्यांतले किती जुन्या डिस्कवर भागले असते, ते मोजून पाहा.