सुरक्षा प्रमाणपत्राचे स्वयंचलित नूतनीकरण

संकेतस्थळाची ओळख पटविणारे अंकीय प्रमाणपत्र मुदतीपूर्वी मानवी हस्तक्षेपाविना बदलून घेण्याची पद्धती. मुदत उलटल्यास ब्राउझर धोक्याचा इशारा देतो व संकेतस्थळाचा वापर खुंटतो. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणक संस्थेने २०१५ मध्ये ९० दिवस मुदतीची प्रमाणपत्रे विनामूल्य देण्यास सुरुवात केली. त्यासाठीची ॲक्मे ही संदेशपद्धती २०१९ मध्ये प्रमाणित झाली. तीत अर्जदारास क्षेत्रनामावरील ताबा सिद्ध करावा लागतो. याचा एक मार्ग म्हणजे संस्थेने दिलेली खूण डीएनएस या क्षेत्रनामांच्या नोंदवहीत घालणे. नोंदवही चालविणाऱ्या सेवांच्या कार्यपद्धती भिन्न असल्याने सर्टबॉटसारख्या आज्ञावलीस खास प्लगइन म्हणजे पूरक आज्ञावली जोडतात. ती खूण नोंदविते, ती बाहेरून दिसू लागेपर्यंत थांबते व पडताळणीनंतर पुसून टाकते. मात्र त्यासाठी नोंदी बदलण्याची गुप्त किल्ली तिच्यापाशी ठेवावी लागते. ही किल्ली चोरीस गेल्यास इतरही नोंदी परहस्ते जाऊ शकतात. म्हणून तिचा अधिकार केवळ पडताळणीच्या नोंदीपुरता ठेवणे इष्ट असते. २०२५ मधील निर्णयानुसार प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. त्यामुळे नूतनीकरण फसल्यास व्यवस्थापकास तत्काळ सूचना मिळण्याची सोय करणे आवश्यक ठरते.