आकाशाला वेगळे नियम नाहीत: गती आणि ऊर्जेविषयीचे पाच गैरसमज

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने सरकताना लोकांनी पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान. त्यानंतर आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे सापडले. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले.

ते रॉकेट वर्षभर वर कसे राहिले, मग का पडले, का जळले? आमच्या केळापूर तालुक्यातल्या रस्त्यावर जे नियम चालतात, त्यांतच याची उत्तरे आहेत. ते नियम समजून घेताना हे गैरसमज आड येतात.

गैरसमज 1: जोर लावत राहिले तरच वस्तू चालत राहते.
वस्तुस्थिती: ॲरिस्टॉटलही असेच मानत असे. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून पाहिले आणि उलट निष्कर्ष काढला: अडवणारे काही नसेल तर चालती वस्तू त्याच वेगाने चालतच राहते. पांढरकवड्याहून आदिलाबादकडे निघालेल्या बसला डिझेल लागते ते हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांवर मात करायला. चालकाने अचानक ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे जातात, कारण बस थांबली तरी त्यांची गती कायम असते. जोर लागतो तो गती बदलण्यासाठी. 1687 मध्ये न्यूटनने याला गतीच्या पहिल्या नियमाचे स्थान दिले.

गैरसमज 2: अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते.
वस्तुस्थिती: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या तुलनेत 90 टक्क्यांच्या आसपास असते. स्थानक सतत पडतच असते. पण सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने आडवे जात असल्यामुळे ते पडते तेवढीच खालची गोल पृथ्वी वळत जाते. आतली माणसेही त्याच्यासोबत पडतात, म्हणून तरंगतात. चिनी रॉकेटला वरच्या विरळ हवेचा अडथळा होत राहिला, कक्षा खाली येत गेली आणि शेवटी ते दाट हवेत शिरले.

गैरसमज 3: वेग दुप्पट झाला की धक्काही दुप्पट बसतो.
वस्तुस्थिती: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. अठराव्या शतकात डच शास्त्रज्ञ स्ख्रावेसांदे यांनी पितळी गोळे मऊ मातीत पाडले, तेव्हा दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल रुतला. फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातले यांनी या निष्कर्षाचा जोरकस पुरस्कार केला. महामार्गावर याचा अर्थ जीवनमरणाचा आहे. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात ब्रेक लावल्यावर गाडी 14 मीटरांत थांबत असेल, तर ताशी 100 ला तिला सुमारे 56 मीटर लागतील. रॉकेटचा वेग होता सेकंदाला 8 किलोमीटरच्या घरात. ती प्रचंड ऊर्जा नाहीशी होत नाही, उष्णता आणि प्रकाश बनते. समोरची हवा इतकी दाबली जाते की तापून धातू वितळवते.

गैरसमज 4: गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी कोणाला माहीतच नव्हते, किंवा भास्कराचार्यांनी न्यूटनचा नियम आधीच मांडला होता.
वस्तुस्थिती: दोन्ही टोके चुकीची. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हे भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त स्पष्ट लिहिले. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. न्यूटनने पुढे ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते हे गणिताने दाखवले आणि झाडावरून पडणारे फळ व फिरणारा चंद्र एकाच नियमात बसवले. आपल्या माणसाचा मान राखायला दुसऱ्याचे श्रेय त्याला चिकटवावे लागत नाही.

गैरसमज 5: उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.
वस्तुस्थिती: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, 14.7 कोटी किलोमीटरवर. आपण तेव्हा थंडीत असतो. सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, 15.2 कोटी किलोमीटरवर. ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्याजवळ ग्रहाचा वेग वाढतो, हे केप्लरने 1609 मध्ये दाखवले. ऋतू मात्र होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

आस कलल्याचा हा परिणाम घरच्या अंगणातही तपासता येतो. केळापूर जवळजवळ 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे 20 मे आणि 23 जुलैच्या सुमारास सूर्य इथे भर दुपारी थेट डोक्यावर येतो. जुलैत ढग आड येतात, म्हणून मे महिनाच बरा. पऱ्हाटीची सरळ काडी सपाट जमिनीत उभी रोवा आणि मुलांना घेऊन दुपारी सव्वाबाराच्या आधी पाच मिनिटे तिची सावली कशी नाहीशी होते ते पाहायला बसा. वहीत तारीख आणि वेळ लिहायला मुलांनाच सांगा. ऐकलेल्यावर न थांबता मोजून पाहणे, गॅलिलिओ आणि केप्लर यांनी केले ते हेच.