भूकंपाची भीती आणि आभासी वास्तव
२२ मे १९९७ च्या पहाटे नर्मदाकाठचे जबलपूर आणि जवळचे भेडाघाट भूकंपाने हादरले. अशा धक्क्यानंतर मनात घर करून बसलेल्या भीतीला आभासी वास्तवाचा चष्मा लावून, सुरक्षित खोलीत, थोडेथोडे सामोरे जाता येते. पण तेच दृश्य पुन्हा दाखवणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे नव्हे का? आक्षेप रास्त आहे. पण तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर मानसोपचारतज्ज्ञ मेटिन बाशोलू यांनी भूकंपग्रस्तांवर यंत्राने हलणाऱ्या छोट्या घरात उपचार केले. हादरे वाढवणे, थांबवणे रुग्णांच्याच हाती होते. बहुतेकांची भीती ओसरली. माझ्या मते गुण आला तो या ताब्यामुळे. चष्मा वापरतानाही तो रुग्णाकडेच राहावा म्हणून मानसतज्ज्ञांना चष्म्याच्या तंत्राआधी रुग्णाचा श्वास ओळखायला आणि वेळीच थांबायला अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकवावे. तोवर रुग्णालयांनी चष्मे विकत घेऊ नयेत.