कढईत उरलेल्या तेलाचं काय करायचं?

लेखमाला ‘घरातून बाहेर पडताना’ : भाग ५

बहरीनमधल्या बुसैतीनमध्ये तळणाचे हंगाम वर्षातून दोन. रमजानमध्ये बहरीनी घरांत इफ्तारसाठी सम्बुसे आणि लुकैमात तळले जातात, आणि आश्विन सरत आला की मराठी घरांत चकल्या, शेव, करंज्या, अनारसे. पदार्थ निराळे, पण शेवटचा घाणा निघाल्यावर प्रश्न मात्र एकच. कढईत लिटरभर तेल उरलंय. ते ठेवायचं, वापरायचं की टाकायचं?

मागच्या भागात ओल्या कचऱ्याचा विचार झाला. तेल त्या डब्यात बसत नाही आणि कोरड्यातही बसत नाही. म्हणून बहुतेक घरांत ते सगळ्यात सोप्या वाटेने जातं, म्हणजे सिंकमधून. घरातल्या टाकाऊ वस्तूंमध्ये इतकी चुकीची वाट क्वचितच दुसऱ्या कशाची असेल.

आधी कढईत काय घडतं ते पाहू. चकली तेलात सोडली की भोवती बुडबुड्यांची झुंबड उडते. ते बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. हे पाणी जाता जाता तेलाचे रेणू फोडतं आणि त्यातली मेदाम्लं सुटी होतात. सुटी मेदाम्लं वाढली की तेल आधीपेक्षा कमी आचेवर धुरायला लागतं. दुसरीकडे हवेतला प्राणवायू तेलाशी संयोग पावतो आणि खवट वास येतो. तिसरा बदल डोळ्यांना दिसणारा आहे : तापलेले रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि तेल दाट होतं. कढईच्या कडेला तपकिरी, चिकट थर बसतो आणि काथ्याने घासूनही निघत नाही, तो हाच. बिडाचा तवा तेल लावून तापवत तापवत ‘तयार’ करतात, तेव्हा हीच क्रिया उपयोगी पडते. पोटात जाणाऱ्या तेलात ती नको.

या बिघाडाचं माप भारतात कायद्याने ठरलेलं आहे. बिघडलेल्या तेलात जे घटक साठत जातात त्यांना ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ म्हणतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हॉटेलांकडे ते मोजायचं यंत्र असू शकतं, घरी नसतं. घरच्या खुणा मात्र पक्क्या आहेत. घाणा सोडल्यावर बुडबुडे फुटण्याऐवजी फेस चढत जातो, पदार्थ नेहमीच्या आचेवर लवकर काळपट होतो, गार झालेलं तेल झाऱ्यावरून पाकासारखं ओघळतं. यातली एक खूण दिसली तरी ते तेल पुन्हा गॅसवर चढवू नये.

मग एकदा तळून झालेलं चांगलं तेलही फेकायचं का? नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या ज्या सूचना काढल्या, त्यात याचं सरळ उत्तर आहे : तळणाचं तेल गाळून भाजी-आमटीला वापरावं, त्यातच पुन्हा तळू नये, आणि ते एक-दोन दिवसांत संपवावं. पुऱ्यांचं तेल दुसऱ्या दिवशी उसळीच्या फोडणीला गेलं तर काहीच बिघडत नाही. महिनाभर बरणीत ठेवून, दर खेपेला वरून ताजं तेल ओतून तीच कढई चालवणं मात्र घातक आहे. जुन्या तेलातले बिघडलेले घटक नव्या तेलालाही लवकर बिघडवतात.

तेल टिकवायचं तर काही साध्या गोष्टी पाळाव्या लागतात. कढई लहान आणि खोल घ्यावी, म्हणजे तेल कमी लागतं. तळाशी बसलेला चुरा प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढावा, कारण जळणारा चुरा तेलाला आधी काळं करतो. मीठ तेलावर न भुरभुरता तळलेला जिन्नस बाहेर काढल्यावर घालावं. कल्हई उडालेली पितळी कढई तळणाला घेऊ नये, तांब्याचा अंश तेल खवट होण्याचा वेग वाढवतो. कोमट झालेलं तेल सुती फडक्यातून गाळून काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणबंद भांड्यात भरावं. बहरीनच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवण्यापेक्षा ते फ्रिजमध्ये बरं.

आता सिंककडे वळू. ‘वरून गरम पाणी आणि साबण सोडला की तेल वाहून जातं,’ असा समज घरोघरी आहे. ते वाहून जातं हे खरं, पण फक्त आपल्या नजरेपुरतं. पुढच्या नळात पाणी गार झालं की साबणाची पकड सुटते आणि चरबी नळाला चिकटते. सांडपाण्यातल्या कॅल्शियमशी तिचा संयोग झाला की साबणासारखा कडक गोळा बनतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली असा एक गोळा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. ओले टिश्यू आणि स्वयंपाकघरांतली चरबी यांनीच तो वाढवला होता. त्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात मांडला गेला.

बुसैतीन ज्या मुहर्रक बेटावर आहे, तिथे २०१४ पासून सांडपाणी शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प चालतो. रोज एक लाख घनमीटर पाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे आणि सांडपाणी तिथवर नेण्यासाठी सोळा किलोमीटरहून अधिक लांबीचा खोल मुख्य नळ टाकलेला आहे. या देशात नदी नाही. पिण्याचं पाणी बहुतांशी समुद्राचं खारेपण काढून मिळवावं लागतं आणि शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला, रस्त्याकडेच्या झाडांना दिलं जातं. अशा ठिकाणी सिंकमध्ये ओतलेलं तेल इतक्या खर्चाने उभ्या केलेल्या व्यवस्थेवर भार टाकतं. कुंडीत किंवा अंगणातल्या वाळूत ओतणंही तितकंच वाईट. तेलाचा थर मातीत पाणी आणि हवा शिरू देत नाही.

त्यामुळे घरातली योग्य वाट एकच. तेल पूर्ण गार होऊ द्यावं आणि घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटलीत भरावं. कढई धुण्याआधी कागदाने पुसून घ्यावी, तो कागद कोरड्या कचऱ्यात जाईल. तेल थोडंच असेल तर जुन्या वर्तमानपत्रात किंवा शिळ्या पिठात जिरवून टाकता येतं. जपानमध्ये गरम तेलात ढवळायची एक पूड किराणा दुकानात मिळते. ती घातली की तेल गार होताना थिजून वडीसारखं निघतं. ही पूड एरंडेलापासून बनते, आणि जगात सर्वाधिक एरंडेल भारतात होतं.

पण बाटली कचऱ्यात गेली की प्रवास संपतो बहरीनमधल्या अस्करच्या कचराभूमीत. त्याहून चांगला प्रवास शक्य आहे : तेलाचं इंधन होऊ शकतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. शेजारच्या अमिरातीत मॅकडोनाल्ड्सच्या मालवाहू गाड्या २०११ पासून त्यांच्याच तळणाच्या तेलापासून बनवलेल्या बायोडिझेलवर धावू लागल्या. भारतात १० ऑगस्ट २०१८ रोजी ‘रुको’ ही मोहीम सुरू झाली. हॉटेलांनी वापरलेलं तेल रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना स्वस्तात न विकता बायोडिझेलसाठी द्यावं, हा तिचा हेतू. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला गेलेल्या एका विमानाचं बरंचसं इंधन टाकाऊ चरबी-तेलापासून बनलेलं होतं.

एका घरातल्या लिटरभर तेलासाठी कुणी गाडी पाठवणार नाही, पण वीस घरांचं तेल एकत्र आलं तर पाठवू शकेल. बुसैतीनमधल्या आणि मुहर्रकमधल्या मराठी कुटुंबांनी या दिवाळीआधी एवढं करावं : इमारतीत एक झाकणाचा कॅन ठेवावा, तळणाचं तेल गाळून त्यात जमा करावं आणि तेल नेणारा परवानाधारक कोण आहे, याची नगरपालिकेत चौकशी करावी. तेल देताना एक प्रश्न आवर्जून विचारावा, की ते पुन्हा कुणाच्या खाण्यात येणार नाही ना. स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर त्या माणसाला तेल देऊ नये.

(पुढच्या भागात : संपलेल्या बॅटऱ्या आणि जुने चार्जर)