रांजणातला डास आणि वॉर्डातली आपली पोरं

बेणे आणि हुमणी सोडून शेतकी खात्याचा माणूस यंदा डेंग्यूवर कुठे लिहायला बसला, असे आपल्याला वाटेल. पण डेंग्यूचा डास ही सुद्धा एक कीडच. फरक एवढाच, की तिची पैदास फडात होत नाही, आपल्या घरातल्या पाण्यात होते.

आपला बीड जिल्हा पाण्याला कायम तुटीचा. त्यामुळे घरोघर रांजण, हौद, पिंपे भरून ठेवलेली असतात. साठवण ही आपली गरज आहे, त्यात दोष काही नाही. परंतु एडिस इजिप्ती हा डास गटारापेक्षा अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंगावर पांढरे पट्टे, आणि चावतो तो दिवसा. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला. पिंप रिकामे करून उन्हात पालथे घातले तरी ती अंडी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून नुसते ओतून भागत नाही, आतली कड खरखरून घासावी लागते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा घासले तर पिढी तिथेच तुटते. खोडकिडीला आपण ट्रायकोग्रामाची कार्डे लावतो ती अंड्यातच कीड मारण्यासाठी. हिशेब तोच आहे. मोठा हौद रिकामा करणे परवडत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. गावात धुराचे यंत्र फिरले की लोक खूष होतात, पण त्या धुराने उडते डास मरतात, पाण्यातली अळी जागच्या जागी राहते. टोळीच्या कोपीजवळची पिंपेही विसरू नका. तापाचा एक माणूस आला की तिथला डास तो ताप दुसऱ्याला देतो.

या रोगाच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणून दुसरा टळत नाही, उलट दुसऱ्या खेपेला आजार जास्त बिघडण्याची भीती असते. विषाणूंच्या अभ्यासासाठी पुण्याला १९५२ साली संस्था निघाली, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. डेंग्यूच्या रक्ततपासणीचे संच ती तयार करते. ऑगस्ट २०२४ मध्ये देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली. ती १०,३३५ लोकांवर करायची ठरली. मात्र रोगावर नेमके औषध अजून नाही. वेळेवर पाणी-सलाईन आणि बारीक लक्ष हाच उपचार.

हे लक्ष ठेवते कोण? आपल्याकडचा गंभीर रुग्ण बहुधा अंबाजोगाईला जातो. तेथील स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय १९७४ चे, आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. अशा मोठ्या सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता नाडी बघायला येतो तो शिकाऊ किंवा निवासी डॉक्टर, वय बावीस ते अठ्ठावीस. पावसाळा सरता सरता तापाचे रुग्ण वाढतात, आणि त्याच्या डोक्यावर परीक्षा असतेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने २०२४ साली अहवाल दिला. २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी माहिती दिली, त्यांत २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. म्हणजे चारात एकाहून जास्त! निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे आणि एक दिवस सुट्टी मिळावी, असे कृतिगट सुचवतो. ७४ तास ही कमाल मर्यादा सुचवावी लागते, यावरूनच काय ते समजा. आपल्या गटातल्या एका सभासदाची मुलगी डॉक्टरकी शिकते. ते म्हणाले, “साहेब, पोरगी फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही, मी आपला मार्क किती पडले तेवढं विचारतो.” मी म्हटले, आधी जेवलीस का, झोपलीस का ते विचारा.

आपण नातेवाईक म्हणूनही त्या पोरांचा भार वाढवतो. प्लेटलेट लाखाखाली आल्या की “पिशवी चढवा” म्हणून वीस माणसे वॉर्डात शिरतात. रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यावर पिशवी चढवत नाहीत, आकडा फारच खाली गेला तरच तो विचार होतो. खरा धोक्याचा काळ ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस. तेव्हाच “बरं वाटतंय” म्हणून रुग्ण घरी आणू नये. पोटात जोराने दुखणे, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, फार गळाठा यांपैकी काही दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. तापाला पॅरासिटामॉलच द्यावी. ॲस्पिरिन, ब्रुफेन दुकानातून आणून देऊ नये, रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांच्या रसाच्या भरवशावर दिवस घालवू नयेत.

रुग्णाजवळ एकच माणूस थांबावा. किती पाणी पाजले आणि लघवी किती वेळा झाली, एवढे त्याने कागदावर वेळेसह लिहून ठेवावे. रात्रीच्या फेरीला येणाऱ्या डॉक्टरला तो कागद फार कामाला येतो.